दिसणें आणि कळणें

पनवेल तालुक्यांतील आपटा हें गांव हल्लीं परक्या माणसांना ठाऊक असतें तें एका हिंदी चित्रपटामुळें. १९९५ सालीं निघालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटांतील शेवटचा, चालत्या आगगाडीचा प्रसंग आमच्या आपटा स्थानकावर चित्रित झाला. पुण्याच्या महाविद्यालयांत मीं गांवाचें नांव उच्चारलें कीं विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात, आणि इंग्रजी काव्य शिकवून जो आदर मला पंचवीस वर्षांत मिळाला नाहीं, तो एका स्थानकाच्या पुण्याईवर क्षणभर पदरांत पडतो. माझ्या लेखीं मात्र आपटा म्हणजे पाताळगंगेच्या कांठचें आमचें कौलारू घर, त्या घराची पूर्वाभिमुख ओटी, आणि त्या ओटीवर रोज पहांटे येऊन बसणारी, दोन्ही डोळ्यांनीं अंध असलेली माझी आत्या. त्या ओटीवरून तिला एकदां मीं उठविलें. तें कां उठविलें, त्याचा परिणाम काय झाला, आणि माझी चूक नेमकी कोठें झाली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. ती चूक समजण्यासाठीं मला उतारवयांत डोळ्याच्या घडणीचा थोडा अभ्यास करावा लागला. तोही ओघानें येईल.

आत्येला आम्ही सारे माई म्हणत असूं. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. अकालीं वैधव्य आल्यावर ती माहेरीं परतली आणि आमच्या घराचीच झाली. लहानपणीं तिला रातांधळेपणा होता. दिवेलागणीस नदीवरून घागर घेऊन येतांना ती ठेंचाळे, आणि वेंधळी म्हणून घरांत बोलणीं खाई. पुढें दिवसाची दृष्टिही आंखडत गेली. बांबूच्या नळकांडींतून पाहावें तसें समोरचें तेवढें दिसे. बाजूनें अंगावर आलेली म्हैस दिसत नसे. चाळिशीच्या सुमारास मुंबईच्या एका डॉक्टरांनीं दुखण्याचें नांव सांगितलें: रेटिनायटिस पिग्मेंटोजा. डोळ्याच्या आंतल्या पडद्याचा हा क्षय असून तो आनुवंशिक असतो, आणि आपल्याजवळ त्यावर औषध नाहीं, असें त्यांनीं स्पष्टपणें सांगितलें. पन्नाशी उलटल्यावर तिच्या डोळ्यांपुढें दिवा धरला तरी तो आहे कीं नाहीं हें तिला सांगतां येईना. मग कोणा शहरी नातलगानें तिला एक काळा चष्मा आणून दिला. त्याचा उपयोग तिला कांहींच नव्हता. पाहणाऱ्यांना बरें वाटे एवढेंच.

परंतु माईचा दिवस घड्याळासारखा चाले. कावळा ओरडण्यापूर्वीं ती उठे, चूळ भरी, भिंतीच्या आधारानें ओटीवर येई आणि कठड्याला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसे. बसतांना काळा चष्मा काढून ती मांडीवर ठेवी. दूध येईपर्यंत ती तशी बसे, मग चष्मा लावून आंत येई. रात्रीं नऊ वाजले कीं तिला झोंप येई, मग घरांत पाहुणे असोत, लग्न असो कीं गणपति असो.

मी इंग्रजी शिकलेला पदवीधर. कोणत्याही गोष्टीचें कारण सांगितल्यावांचून आम्हां लोकांना चैन पडत नाहीं. घरांतल्या लहान मुलांना मीं समजावून सांगितलें कीं हा कानांचा प्रताप आहे. कोंबडा आरवतो, रोह्याकडची गाडी स्थानकांत शिरतांना शिट्टी देते, दूधवाल्याची घंटा वाजते. आंधळ्या माणसाचे कान तीक्ष्ण असतात, म्हणून माईला वेळ कळते. हें स्पष्टीकरण सर्वांना पटलें. एकट्या माईला पटलें नाहीं.

“कानानें नव्हे रे,” ती म्हणाली, “मला सकाळ कळते.”

“कशानें कळते?”

“तें कसें सांगूं? दिसत कांहीं नाहीं, पण कळते.”

ही जुन्या पिढीची, देवभोळ्या वळणाची भाषा आहे असें समजून मीं ती सोडून दिली. वर्गांत एखाद्या कवीची ओळ इतक्या सहज मीं कधींच सोडली नसती.

सात वर्षांपूर्वींच्या श्रावणांत शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून माई पडली. मनगट मोडलें, सुदैवानें खुब्याचें हाड वांचलें. वय एकोणऐंशी. मी पुण्याहून धांवत गेलों. घरीं माझे थोरले बंधु आणि वहिनी असतात. इतकीं वर्षें माईचें सगळें वहिनीच करीत आली. आतां माईला कोठें ठेवावें याचा विचार निघाला. ओटीला लागून असलेली तिची खोली पावसांत ओल धरी, आणि तेथून न्हाणीघर दूर. माजघराला लागून कोठीची खोली आहे. तिला खिडकी नाहीं, पण जमीन कोरडी, स्वैपाकघर हांकेच्या अंतरावर, न्हाणी चार पावलांवर. मीं ती खोली सुचविली.

“त्यांना ओटीवर बसायची संवय आहे, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “तिथें आंत अंधार आहे नुसता.”

“आंधळ्या माणसाला खिडकी काय आणि भिंत काय, वहिनी?” मी म्हणालों.

तर्काच्या दृष्टीनें हें वाक्य बिनतोड होतें, आणि कोणी तें खोडून काढलें नाहीं. मात्र माजघरांत माई बसलेली आहे याचें मला भान राहिलें नाहीं. “तुम्हांला सोयीचें असेल तसें करा, बाळ,” एवढेंच आंतून ऐकूं आलें. त्याच दिवशीं खाट हलविली, आणि एक अवघड काम शहाणपणानें उरकलें अशा समाधानांत मी पुण्यास परतलों.

महिन्याभरानें वहिनीचा फोन आला. माईचें दिवस-रात्रीचें गणित पार बिघडलें होतें. प्रथम ती थोडी उशिरा उठूं लागली, मग आणखी उशिरा. पुढें पुढें भर दुपारीं ती गाढ झोंपे आणि ताट निवून जाई. रात्रीं दोन वाजतां उठून ती न्हाणीचा दरवाजा चांचपूं लागे, सकाळ झाली म्हणून चहा मागे, आणि रात्र आहे असें सांगितलें कीं खट्टू होऊन बसे. शेजारीपाजारी म्हणूं लागले कीं म्हातारीला भ्रम झाला. जवळच्या एका डॉक्टरांनीं झोंपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनीं ती जागेपणींही गुंगींत राहूं लागली. वहिनीच्या कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागतां गेल्या होत्या. तीस वर्षांत ज्या दोघींचा वरचा शब्द कोणी ऐकला नव्हता, त्यांच्यांत खटके उडूं लागले. शेवटीं अण्णांनीं फोन हातांत घेतला आणि जड आवाजांत विचारलें, “पनवेलकडे कुठें वृद्धाश्रम आहे का, चौकशी करूं का?”

मी म्हणालों, “चौकशी करायला हरकत नाहीं.”

हें दुसरें वाक्यही माझेंच.

दुसऱ्या दिवशीं प्राध्यापकांच्या खोलींत मीं ही हकीकत प्राणिशास्त्राच्या एका वृद्ध सहकाऱ्याला सांगितली. सल्ला मागण्यासाठीं नव्हे, मन हलकें करण्यासाठीं. त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवून एक विचित्र प्रश्न केला.

“त्यांचे डोळे शस्त्रक्रियेनें काढलेले आहेत का?”

“नाहीं. जागच्या जागीं आहेत. दिसत मात्र कांहीं नाहीं.”

“मग त्यांना उजेडांतून कां हलविलेंत?”

त्यांनीं त्या दिवशीं आणि पुढील आठवड्यांत मला जें शिकविलें, त्याचा सारांश माझ्यासारख्या अनभिज्ञ वाचकांसाठीं देतों.

आपल्या शरीरांत एक घड्याळ आहे. ही कल्पना जुनीच आहे. १७२९ सालीं द मेरां नांवाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूच्या जातीचें एक झाड अंधारांत ठेवून पाहिलें, तों सूर्याचें दर्शन नसतांही त्याचीं पानें वेळच्या वेळीं उघडत व मिटत राहिलीं. माणसाचें हें घड्याळ मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या किंचित् वर असतें. परंतु बहुतेकांचें घड्याळ थोडें मागें पडणारें असतें. त्याचा दिवस चोवीस तासांहून जरा मोठा असतो. रोज सकाळचा उजेड तें जुळवून देतो. समजा, एखाद्याचें घड्याळ रोज अर्धा तास मागें पडतें आणि जुळविणारा कोणी नाहीं. तर चोवीस दिवसांत बारा तासांची चूक पडेल आणि त्याची मध्यान्ह मध्यरात्रीं येईल. वहिनीनें फोनवर सांगितलेली हकीकत मीं मनांतल्या मनांत पुन्हां ऐकली. थोडी उशिरा, मग आणखी उशिरा, मग उलट.

पण आंधळ्या डोळ्यांना उजेड कळणार कसा? येथें खरी गोष्ट सुरू होते.

डोळ्याच्या मागील बाजूस जो पातळ पडदा आहे, त्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या, असें मीं शाळेंत शिकलों होतों. मंद उजेडांत उपयोगीं पडणाऱ्या सुमारें बारा कोटी दंडपेशी, आणि भर उजेडांत रंग व बारकावे दाखविणाऱ्या सुमारें साठ लाख शंकुपेशी. त्यांनीं टिपलेलें चित्र दुसऱ्या कांहीं पेशींमार्फत गुच्छिका पेशींकडे येतें, आणि या दहा-बारा लाख गुच्छिका पेशींचे लांब तंतु एकत्र होऊन जी नस बनते ती तें मेंदूकडे नेते. गुच्छिका पेशी म्हणजे टपालवाले. त्यांना पत्रांतला मजकूर कळण्याचें कारण नाहीं, अशी दीडशें वर्षें शास्त्रज्ञांची समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का एका विद्यार्थ्यानें दिला. १९२३ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठांत क्लाइड कीलर नांवाच्या तरुणानें उंदीर पाळले होते. त्यांतल्या कांहींच्या डोळ्यांत दंडपेशी नव्हत्या. ते आंधळे होते. तरीही त्यांच्या डोळ्यांवर उजेड पाडला कीं बाहुली लहान होई. आंधळ्या डोळ्यांत दुसरें कांहीं तरी प्रकाश जाणणारें असलें पाहिजे, असा तर्क त्यानें केला. पण त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९९१ मध्यें रसेल फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनीं पडदा झिजलेल्या उंदरांचें शरीरांतील घड्याळ उजेडानें जुळतें असें दाखविलें. १९९९ मध्यें दंडपेशी आणि शंकुपेशी या दोन्ही मुळींच नसलेल्या उंदरांतही तेंच आढळलें. त्या उंदरांचे डोळेच काढून टाकले, तर मात्र घड्याळ जुळेना. म्हणजे प्रकाशाची ही जाण डोळ्यांतच होती. पाहणाऱ्या पेशींत नव्हती.

मग ती कोणत्या पेशींत? याचें उत्तर बेडकाच्या कातडींतून यावें ही मौजच म्हटली पाहिजे. इग्नेशियो प्रोव्हेन्सियो यांना १९९८ सालीं आफ्रिकेंतील एका बेडकाच्या त्वचेंतील काळ्या पेशींत प्रकाश टिपणारें एक नवें द्रव्य सांपडलें. त्याला मेलानॉप्सिन असें नांव मिळालें. दोन वर्षांनीं तेंच द्रव्य माणसाच्या डोळ्यांतील पडद्याच्या आंतल्या थरांत, फार थोड्या पेशींत, आढळलें. आणि २००२ मध्यें अमेरिकेंतील डेव्हिड बर्सन यांनीं अशा पेशी इतरांपासून तोडून, एकट्या ठेवून, त्यांच्यावर प्रकाश पाडला. त्या एकट्याही जाग्या झाल्या. या पेशी म्हणजे ज्यांना आपण टपालवाले समजत होतों त्यांच्यांतल्याच कांहीं, शेंकडा एकदोन. निळसर उजेडाला त्या सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. चित्र रंगविणें हें त्यांचें मुख्य काम नव्हे. उजेड किती आहे आणि किती वेळ आहे तें त्या घड्याळाला कळवितात. आपल्या स्थानकावर चित्रपट टिपणाऱ्या यंत्राला प्रत्येक चेहरा दिसला असेल. पण तें सकाळीं टिपलें कीं संध्याकाळीं, हें त्या यंत्राला स्वतःला कळण्याचें साधन नव्हतें. माईचा डोळा याच्या अगदीं उलट होता.

माझ्या सहकाऱ्यांनीं मला २००७ सालीं प्रसिद्ध झालेला एक लेख वाचावयास दिला. त्यांत दोन अंध माणसांवरील प्रयोगांची हकीकत होती. त्यांपैकीं एक सत्त्याऐंशी वर्षांची स्त्री होती. दिवा लागला आहे कीं नाहीं एवढेंच तिला विचारीत. इतर रंगांच्या दिव्यांच्या वेळीं तिला कांहीं सांगतां येईना. निळा दिवा लागला म्हणजे मात्र तो लागलेला आहे हें ती बरोबर सांगे, आणि तेंही केवळ अंदाजानें साधणार नाहीं इतक्या वेळां. तो लेख मीं ग्रंथालयांत बसून वाचला. ‘दिसत कांहीं नाहीं, पण कळते’ हें आपट्याच्या ओटीवरचें वाक्य, देवभोळ्या वळणाची भाषा म्हणून मीं सोडून दिलेलें, तेथें मला आंकड्यांच्या कोष्टकांत पुन्हां भेटलें.

तरी एक शंका मला सतावीत होती. ज्या रोगानें माईचा सगळा पडदा खाल्ला, त्यानें ह्याच पेशी कां वांचविल्या? याचें उत्तर समजावयास मला एक घरगुती दृष्टान्त फार उपयोगीं पडला.

आपल्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत एकच पोथी ठेवलेली आहे असें समजा. त्या पोथीचे सुमारें वीस हजार अध्याय. एकेका अध्यायांत कोणतें ना कोणतें प्रथिन कसें बनवावें याची कृति लिहिलेली. या अध्यायालाच जनुक म्हणतात. यकृतांत हीच पोथी, कातडींत हीच, डोळ्यांतही हीच. मग यकृताला उजेड कां कळत नाहीं? कारण यकृताची पेशी तो अध्याय कधीं उघडीतच नाहीं. जो अध्याय उघडतो त्याची एक नक्कल उतरून घेतली जाते, ती नक्कल पेशीच्या कारखान्यांत जाते, आणि तिच्या बरहुकूम प्रथिन तयार होतें. या वाचनाला जनुकाची अभिव्यक्ति असें म्हणतात. दंडपेशी ऱ्होडॉप्सिन या द्रव्याचा अध्याय वाचते. शंकुपेशी रंग ओळखणाऱ्या द्रव्यांचे अध्याय वाचतात. आणि त्या शेंकडा एकदोन गुच्छिका पेशी, दहाव्या गुणसूत्रावर असलेला मेलानॉप्सिनचा अध्याय वाचतात. पोथी सर्वांची एकच. वाचन निराळें, म्हणून जन्म निराळा.

आतां माईचा रोग म्हणजे या पोथींतला एक लेखनप्रमाद. असा प्रमाद कोणत्या कोणत्या अध्यायांत झाल्यानें हा रोग होतो, याची यादी मोठी आहे. ऐंशींहून अधिक जनुकें आतां ठाऊक झालीं आहेत, आणि त्यांतलें पहिलें, ऱ्होडॉप्सिनचें, १९९० सालीं उघडकीस आलें. माईच्या पोथींत कोणतें पान चुकलें होतें तें आम्हीं कधीं तपासून घेतलें नाहीं. पण चूक कोठेंही असो, ती तिच्या प्रत्येक पेशींतल्या पोथींत होती; बोटांतही होती, जिभेंतही होती. मात्र यांतलीं पुष्कळ पानें दंडपेशीच काय त्या उघडतात, म्हणून मरतात त्याही दंडपेशीच. पुढें त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या शंकुपेशी शेजार उजाड झाल्यानें हळूहळू मरतात. ज्या पेशी तें पान उघडीतच नाहींत, त्या या चुकीपासून पुष्कळ अंशीं सुरक्षित राहतात. माईच्या डोळ्यांत सारें घर ओस पडलें होतें. पण निराळा अध्याय वाचणारे कांहीं भाडेकरी मागच्या खोलींत अजून राहत होते, आणि सकाळ झाली कीं ते आपलें काम करीत होते.

हें सारें संशोधन सातासमुद्रांपलीकडचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपट्याहून मुंबई कांहीं दूर नाहीं, आणि मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह २०१३ सालीं याच विषयाची एक वेगळी बाजू पुढें आणली. एलएचएक्स-२ नांवाचें एक जनुक आहे; इतर जनुकांचे अध्याय केव्हां उघडावे व केव्हां मिटावे हें ठरविण्याचें त्याचें काम. उंदरांच्या गर्भांत डोळा बनत असतांना वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांनीं हें जनुक बंद पाडून पाहिलें. ज्या टप्प्यावर तें बंद पडलें, त्या टप्प्यावर डोळ्याच्या कांहीं भागानें आपले अध्याय सोडून मेंदूच्या शेजारच्या भागांचे अध्याय वाचावयास सुरुवात केली. जितका अधिक काळ तें चालूं राहिलें, तितकी डोळ्याची घडण पुढें गेली. एकदां ठरलें कीं पेशीचा धर्म कायम झाला, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षांत बनणाऱ्या डोळ्याला आपला धर्म सतत वाचीत राहावा लागतो, तेव्हां कोठें तो डोळा होतो.

आणखी एक निरीक्षण मला विसरतां येत नाहीं. पांढरे उंदीर कांहीं दिवस सतत अंधारांत ठेवले, तर या पेशींतील मेलानॉप्सिन हळूहळू वाढत जातें. सतत उजेडांत ठेवले, तर तें कमी होतें. उंदरावरून माणसासंबंधीं अनुमान काढतांना जपावें, हें मला कळतें. तरीही कोठीच्या खोलींत माई ज्या रात्री जागून काढीत होती, त्या रात्रीं तिच्या डोळ्यांत कदाचित् तोच अध्याय पुन्हां पुन्हां वाचला जात असेल, आणि प्रकाश टिपण्याची तयारी वाढत असेल, हा विचार माझ्या मनांतून जाईना. तयारी होती, उजेड मीं बंद केला होता.

सहकाऱ्यांनीं निरोप देतांना सांगितलें, “एवढ्यानें त्यांना बरें वाटेलच असें मी म्हणत नाहीं. डॉक्टरांना विचारा, गोळ्यांचें तेच ठरवतील. पण म्हातारीला उजेडांत बसवायला कोणाची चिठ्ठी लागत नाहीं.”

पितृपक्षांत मी आपट्यास गेलों. खाट पुन्हां ओटीलगतच्या खोलींत नेली. ओल लागूं नये म्हणून खालीं फळ्या टाकल्या, पायरीला कठडा बसविला, भिंतीला धरावयाचा दांडा ठोकला. या सगळ्याला दीड दिवस लागला. श्रावणांत मीं तो दीड दिवस काढला असता, तर पुढचें कांहींच घडतें ना. डॉक्टरांना विचारून गोळ्या हळूहळू कमी केल्या. रोज सकाळीं वहिनी माईला ओटीवर बसवी, दुपारीं झोंपूं देत नसे, आणि रात्रीं तिच्या खोलींतला दिवा मालवी. पहिले चार दिवस कांहींच फरक दिसला नाहीं. मग झोंप थोडी थोडी सरकूं लागली. नवरात्र बसेपर्यंत माई पुन्हां कावळ्याच्या आधीं उठूं लागली होती.

एका म्हातारीवरून शास्त्राचा नियम निघत नाहीं. गोळ्या कमी झाल्या, पाऊस ओसरला, मनगट दुखावयाचें थांबलें, आवडीची जागा परत मिळाली. यांतल्या कशाचा किती भाग, हें मी सांगूं शकत नाहीं. पण माझ्या जुन्या स्पष्टीकरणाचा मात्र त्या दोन महिन्यांत निकाल लागला. कोठीच्या खोलींत कोंबडा ऐकूं येत होता. गाडीची शिट्टी ऐकूं येत होती. दूधवाल्याची घंटा तर भिंतीपलीकडेच वाजे. कानांचा सारा सरंजाम जसाच्या तसा होता. काढून घेतला होता तो फक्त उजेड. माझें ‘कानानें कळतें’ हें मत खोडून काढण्यासाठीं याहून नेटका प्रयोग कोणी योजिला नसता. तो मीं नकळत केला, आणि त्याचा भुर्दंड माईनें व वहिनीनें भरला.

ज्यांच्या घरीं अंध माणूस आहे त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं सगळें अंधत्व सारखें नसतें. ज्यांचे डोळे काढावे लागले, किंवा ज्यांची डोळ्याची नसच नष्ट झाली, त्यांना ही वाट उरत नाहीं. त्यांच्या झोंपेचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्यानें निराळ्या रीतीनें करावा लागतो. पण डोळे जागेवर असतील, तर त्यांना कांहीं दिसत नाहीं एवढ्यावरून ते कांहींच करीत नाहींत असें धरून चालूं नये. खोली ठरविण्यापूर्वीं त्या माणसाला विचारावें. मीं विचारलें नव्हतें. आणि उत्तर तर तिनें कित्येक वर्षांपूर्वींच देऊन ठेवलें होतें.

दसऱ्याला मी पुन्हां गेलों. संध्याकाळीं गांवांतलीं मुलें आपट्याचीं पानें घेऊन आलीं. माई ओटीवर बसून एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवीत होती. गर्दी सरल्यावर मीं तिच्या हातांत पानें ठेवलीं, पाया पडलों, आणि श्रावणांतल्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. ती कांहीं बोलली नाहीं. मग मीं तिला सगळें सांगितलें; आंधळे उंदीर सांगितले, पोथी सांगितली, मागच्या खोलींतले भाडेकरी सांगितले. मी वर्गांत कधीं इतकें सोपें बोललों नसेन. ती लक्ष देऊन ऐकत होती.

“म्हणजे माझे डोळे अगदींच फुकट गेले नाहींत तर,” ती म्हणाली.

“नाहींत, माई.”

ती थोडा वेळ पानें चांचपीत बसली. एवढीं वर्षें आपले डोळे आपणांस नुसते ओझें आहेत, लोकांच्या नजरेआड करण्याजोगे आहेत, असें तिला वाटत असेल, हें माझ्या तेव्हां प्रथम ध्यानीं आलें. मग तिनें वहिनीला हांक मारली, काळा चष्मा डोळ्यांवरून काढून तिच्या हातांत दिला आणि म्हणाली, “हा ठेवून दे बाई आंत. आतां कशाला तो?”

त्यानंतर माई पांच वर्षें होती. चष्मा तिनें पुन्हां मागितला नाहीं.